लेथ माझा, सॉफ्टवेअर कोणाचं?

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. खाली दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि एक जुना व्हीएमसी; ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं जॉबवर्क चालतं. वरच्या खोलीत पूर्वी रिजेक्शनचा माल आणि जुनी चलान बुकं पडून असायची. तिथे आता माझी मुलगी आणि तिच्या कॉलेजातले दोन मित्र मोबाइल गेम बनवतात. मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवरचा गेम आहे. इतवारीच्या गल्ल्या, ढोलताशे, बडगे, सगळं आहे त्यात. त्यांचा जमाखर्च मी लिहितो, कारण त्या तिघांपैकी एकाचीही जीएसटीचं पोर्टल उघडायची हिंमत होत नाही.

एकाच छताखाली दोन धंद्यांच्या वह्या ठेवल्या की फरक आपोआप डोळ्यांत भरतो. खालच्या वहीत मोठा लेथ एकदाच येतो. बटाल्याचा, सेकंडहँड, बंद पडलेल्या एका युनिटच्या लिलावात घेतलेला. त्यानंतर त्याच्या नावावर तेल, पट्टे, बेअरिंग, चकचे जॉ, एवढाच खर्च. ज्या कारखान्यात तो बनला त्याला उद्या कुलूप लागलं तरी माझा चक फिरायचा थांबणार नाही. वरच्या वहीत खरेदीचा रकाना जवळजवळ रिकामा. कॉम्प्युटर आणि चित्रं काढायचा एक टॅबलेट, बस. बाकी सगळं दरमहा: चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर, मॉडेलवर टेक्स्चर चढवायचं, आवाजाचं, फाइली ठेवायच्या क्लाउडचं. बहुतेक डॉलरमध्ये, वर अठरा टक्के जीएसटी.

पहिल्यांदा यादी समोर आली तेव्हा मी सरळ म्हणालो, "महिन्याच्या महिन्याला हे झंझट काऊन पाहिजे? एकदाच विकत घेऊन टाका. किती पडते?"

"बाबा, विकत देतच नाहीत ते," मुलगी म्हणाली.

धंद्यात आयुष्य गेलं, पण गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन काउंटरवर उभं आहे आणि दुकानदार विकायलाच नाही म्हणतो, असा धंदा मी आधी पाहिला नव्हता.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. ॲडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की फोटोशॉप आणि त्याच्या भावंडांचा सीएस६ हा विकत मिळणारा शेवटचा संच. पुढचं सगळं सबस्क्रिप्शनवर. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये माया, थ्रीडीएस मॅक्स वगैरेंचे नवे कायमचे परवाने विकणं थांबवलं. गेमवाल्यांचं लाडकं इंजिन युनिटी. त्याची प्रो आवृत्ती दीड हजार डॉलरला कायमची मिळायची, तीही २०१६ मध्येच सबस्क्रिप्शनकडे वळली. तीन वर्षांत बाजाराची रीतच पालटली. २०१३ च्या मे महिन्यात डॉलर पंचावन्न रुपयांच्या आसपास होता, आता तो नव्वदीच्या घरात आहे. म्हणजे कंपनीने दर एका सेंटनेही वाढवला नाही तरी डॉलरमध्ये भरणाऱ्या हिंगण्यातल्या भाडेकरूचं भाडं दीडपटीच्या वर गेलं. काही कंपन्या भारतासाठी रुपयांत वेगळे दर ठेवतात, ते मान्य. पण दर वाढतातच. युनिटी प्रोची वर्गणी जानेवारी २०२५ पासून माणशी वर्षाला २,२०० डॉलर झाली. एका खुर्चीचे दोन लाखांच्या आतबाहेर. वर्षाची कमाई दोन लाख डॉलरच्या खाली असेल त्याला इंजिन फुकट मिळतं, त्यामुळे आमच्या वरच्या खोलीला या आकड्याची आज तरी भीती नाही.

पैशाचं एकवेळ सोडून देऊ. स्टीलचा भाव वाढला की मीही जॉबवर्कचा दर वाढवतो. मला खटकतं ते वेगळंच, आणि ते समजायला युनिटीचीच गोष्ट नीट सांगायला हवी.

१२ सप्टेंबर २०२३ ला या कंपनीने नवा नियम काढला. कमाई आणि डाउनलोड यांची ठरावीक मर्यादा ओलांडली की पुढे गेम ज्या ज्या नव्या फोनवर उतरेल, त्या प्रत्येक फोनमागे शुल्क. जास्तीत जास्त २० सेंट, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसोळा रुपये. १ जानेवारी २०२४ पासून लागू, आणि आधीच बाजारात आलेल्या गेमनाही लागू. लेथ बनवणाऱ्याने मला पत्र पाठवावं की इथून पुढे तुझा बुश ज्या ज्या ट्रॅक्टरमध्ये बसेल त्यामागे साडेसोळा रुपये पाठव, आणि हो, जुने बुशही यात धरलेत, तसा हा प्रकार. आपल्याकडे फुकट गेम खेळणारा माणूस जाहिराती बघून गेमवाल्याच्या पदरात काय टाकतो? बहुतेक वेळा काही पैसे. तिथे साडेसोळा रुपये! मर्यादा मोठी होती, लहान मंडळी तिच्यात येत नव्हती, हे खरं. पण लहान माणूस उद्या मोठा व्हायच्याच आशेवर आज रात्र जागतो.

जगभर बोंब झाली. २२ सप्टेंबरला कंपनीने माघार घेत नियम पातळ केला: फुकट आवृत्तीवाल्यांना माफी, आणि शुल्क फक्त पुढच्या नव्या आवृत्तीपासून. ऑक्टोबरात कंपनीचे प्रमुख जॉन रिचिटिएलो पायउतार झाले. बरोबर वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ ला, नवे प्रमुख मॅथ्यू ब्रॉमबर्ग यांनी ते शुल्क रद्दच करून टाकलं. शेवट गोड झाला म्हणणारे म्हणोत. माझ्या हिशेबी शुल्क गेलं ते कंपनीने ठरवलं म्हणून. गिऱ्हाइकाच्या हातात दाखवायला असा कुठलाही कागद नव्हता की ज्याच्या जोरावर ते टळलं असतं.

कागदावरून आमच्या सीएने सांगितलेली एक गोष्ट आठवली. ५ नोव्हेंबर २००४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात निकाल दिला की सीडीवर विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर हा माल आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. टाटांचं म्हणणं होतं की ही अमूर्त बौद्धिक वस्तू आहे, माल कसला? न्यायालयाने मानलं नाही. म्हणजे वीस वर्षांपूर्वी कर घ्यायची वेळ आली तेव्हा सॉफ्टवेअर माल होतं. आता ती सेवा झाली. कर आहेच, कपाटातला माल तेवढा गेला.

आता वरच्या खोलीतला प्रसंग. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायचे तर ग्राहकाची रीतसर मंजुरी हवी, कापायच्या किमान चोवीस तास आधी सूचना हवी, आणि मर्यादेवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी हवा. ही मर्यादा आधी पाच हजार होती, जून २०२२ मध्ये पंधरा हजार झाली. नियम उत्तम आहे. न विचारता खात्यातून पैसे जात राहणं थांबलं, आणि माझ्यासारख्याला तेच हवं होतं. पण कित्येक परदेशी दुकानदारांच्या यंत्रणेला हा नियम पचत नाही. टेक्स्चर चढवायच्या एका सॉफ्टवेअरचा हप्ता असाच मध्ये अडकला. बँक म्हणे त्यांच्याकडून मागणीच आली नाही, ते म्हणे तुमच्या बँकेने नाकारलं. तोवर सॉफ्टवेअरला कुलूप. मुलीने स्वतः काढलेली काळी मारबत, तिच्याच कॉम्प्युटरवर, तिच्याच हार्डडिस्कवर, आणि उघडायची सोय नाही.

खालीही लाइट जाते. लेथ थांबतो, आम्ही चहा पितो. पण अर्धवट टर्न केलेला जॉब माझ्या हातात असतो. फारच घाई असली तर शेजारच्या शेडमध्ये त्यांच्या लेथवर लावून पुरा करून आणता येतो. लोखंडाला कुठल्या कंपनीचा चक आहे याच्याशी देणंघेणं नसतं. सॉफ्टवेअरच्या फाइलचं तसं नाही. बऱ्याच फाइली त्यांच्या त्यांच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाहीत, आणि भाड्याची खरी पकड तिथे आहे. अवजार परत घेतलं तर घ्या, पण अवजाराबरोबर माझा जॉबही आत अडकतो.

शिवाय गेमचं काम कधी संपत नाही. माझ्याकडे बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पार्टची ऑर्डर अचानक येते. कुठला तरी जुना ट्रॅक्टर कुठे तरी नांगरत असतो, त्याचा पार्ट हवा असतो. मी कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर चालू करतो. त्यावर तेव्हाच विकत घेतलेलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आहे, त्याला इंटरनेट माहीतच नाही. ड्रॉइंग उघडतं, जॉब लागतो. गेममध्ये असं बसून राहता येत नाही. गूगल प्ले स्टोअर दरवर्षी अट पुढे सरकवतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवे ॲप अँड्रॉइड १५ धरून बनवलेले लागतात, आणि जुने ॲप फार मागे राहिले तर नव्या फोनवाल्यांना ते दिसेनासे होतात. म्हणजे कमाई शून्यावर आलेला गेमही जिवंत ठेवायचा तर वर्षातून एकदा सगळा पसारा पुन्हा मांडावा लागतो. अवजारं भाड्याची असतील तर गेम मेला तरी त्याचं भाडं चालूच.

याच मुद्द्यावर मुलीचा मित्र मला पकडतो. "काका, मग विकत घेऊन तरी काय फायदा? पाच वर्षांपूर्वीचं इंजिन विकत घेऊन ठेवलं असतं तर आज प्ले स्टोअरने गेम घेतलाच नसता." पोरगं बरोबर बोलतं. विकत घेतलेलं सॉफ्टवेअरही गंजतं, आणि लेथच्या कितीतरी पट वेगाने. तो असंही म्हणतो की दीड हजार डॉलर एकदम आणायचे तर आम्ही सुरुवातच केली नसती. महिन्याचं भाडं होतं म्हणून हात तरी बसला. हेही मान्य. सर्व्हर, क्लाउड यांना तर भाडं द्यायलाच हवं, तिकडे कोणाचं तरी वीजबिल रोज येतं. आणि सगळं विकत मिळायचं त्या काळात आपण किती विकत घेत होतो, हेही विचारायला हवं. सीताबर्डीच्या फुटपाथवर सीडीत फोटोशॉप मिळायचं आणि नागपुरातली निम्मी डीटीपीची दुकानं त्यावर शिकली. चोरी ती चोरी. कंपन्यांनी कुलूप लावलं त्यात आपलाही वाटा आहे.

भाड्याला इतकी नावं ठेवणारा मी तरी कुठे मालक आहे? एमआयडीसीतला प्लॉट कोणीच विकत घेत नाही, तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो. माझ्या शेडखालची जमीन महामंडळाची आहे आणि त्यापायी माझी झोप कधी उडाली नाही. कारण पट्टा रजिस्टर झालेला आहे, मुदत आकड्यांत आणि अक्षरांत लिहिलेली आहे, परवानगी काढून आणि शुल्क भरून तो दुसऱ्याच्या नावावर करता येतो, त्यावर बँक कर्ज देते. सबस्क्रिप्शनच्या करारात यातलं काय आहे? मुदत महिन्याची किंवा वर्षाची. अटी बदलल्याचा ईमेल येतो, आणि पुढे वापर चालू ठेवलात की तुमची संमती धरली जाते. दुसऱ्याला विकता येत नाही. त्यावर बँकेत कर्ज मागायला गेलो तर मॅनेजर पाणी पाजून परत पाठवेल. ९५ वर्षं कोणी मागत नाही. पण ज्या आवृत्तीवर मी काम केलं ती आवृत्ती, त्याच अटींवर, माझं काम उघडण्यापुरती तरी कायम माझी राहील, एवढं लेखी द्यायला काय हरकत आहे?

हे अशक्य म्हणणाऱ्यांनी हिंगण्यातल्या कुठल्याही ऑफिसात जावं. टेबलावर टॅली असते. कायमचा परवाना एकदा घेतला की ती चालत राहते. नव्या आवृत्त्या आणि जोडसेवा हव्यात तर टीएसएस या तिच्या सेवेचं वार्षिक नूतनीकरण करा. नाही केलं तरी जुने हिशेब उघडतात, नव्या नोंदी होतात. बेंगळुरूची कंपनी या पद्धतीवर देशभर पसरली. गेमच्या धंद्यातही उदाहरण आहे. गेममेकर नावाचं इंजिन २०२१ मध्ये सबस्क्रिप्शनवर गेलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये परत फिरलं: शिकायला आणि हौसेला फुकट, गेम विकायचा असेल तर एकदाच शंभर डॉलरच्या आत. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर जायचं तर मात्र अजून सबस्क्रिप्शन लागतं. मुलगी ठिपक्याठिपक्यांची चित्रं ज्यात काढते ते असेप्राइट वीसेक डॉलरला कायमचं मिळतं. वरच्या वहीत खरेदीच्या रकान्यात मी लिहिलेलं ते पहिलं सॉफ्टवेअर.

बाकीचा मोठा भाग मुलांनी वेगळ्याच वाटेने सोडवला. त्यांनी गेम गोदो नावाच्या इंजिनवर नेला. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी ते बनवलं आणि २०१४ मध्ये त्याचा सगळा कोड एमआयटी परवान्याखाली लोकांसाठी खुला केला. फुकट आहे हा भाग मला दुय्यम वाटतो. मला पटलं ते हे की आज उतरवून घेतलेल्या आवृत्तीच्या अटी उद्या कोणी बदलू शकत नाही. प्ले स्टोअरने अट पुढे सरकवली आणि मूळ मंडळींनी काही केलं नाही, तरी कोड समोर आहे. जाणकाराला पैसे देऊन दुरुस्त करून घेता येतो. खालच्या लेथचंही मी तेच करतो.

थ्रीडीसाठी ब्लेंडर. हॉलंडमधली ज्या कंपनीची ती वस्तू होती ती कंपनी बसली, तेव्हा ब्लेंडरचे मूळ निर्माते टॉन रोसेनडाल यांनी २००२ मध्ये लोकांकडून वर्गणी काढली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि सॉफ्टवेअर कायमचं मोकळं झालं. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या आपल्या लोकांना ही भाषा कळायला हवी. त्याच ब्लेंडरवर लाटव्हियातल्या एका छोट्या चमूने 'फ्लो' हा मांजराचा सिनेमा केला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. तेव्हा फुकटच्या अवजारातून हलकाच माल निघतो, हे आता कोणी मला सांगू नये.

अडचण नोकरीची आहे. पुण्यातल्या स्टुडिओंत युनिटी आणि अनरिअल ही इंजिनं विचारतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' हा गेम अनरिअलवर केलेला आहे आणि देखणा आहे. अनरिअलवाले गेमच्या पहिल्या दहा लाख डॉलर कमाईपर्यंत काही घेत नाहीत, पुढच्या कमाईवर पाच टक्के घेतात. माल विकल्यावर हिस्सा मागणारा भागीदार मला दरमहा दार वाजवणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. ज्याला नोकरी करायची आहे त्याने ही इंजिनं जरूर शिकावीत. मी बोलतोय ते स्वतःचं दुकान थाटू पाहणाऱ्या पोरांबद्दल.

अशी पोरं आमच्या रस्त्यावर कमी नाहीत. सकाळी लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनवर उभं राहा. डिगडोहच्या टेकडीपासून वानाडोंगरीपर्यंत इंजिनिअरिंग कॉलेजांची रांग आहे, गर्दी तिकडेच निघालेली असते. त्यांना शिकताना मोठमोठी सॉफ्टवेअर विद्यार्थी परवान्यावर फुकट मिळतात. चार वर्षांत हात त्यावरच बसतो, पदवी मिळते आणि परवाना संपतो. पहिली कमाई व्हायच्या आत पहिलं बिल दारात. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा आहे. त्या पैशातून प्रयोगशाळांसाठी परदेशी सबस्क्रिप्शनच्या खुर्च्या विकत घेतल्या गेल्या तर पैसा वर्षाअखेरीस संपेल आणि लॅबमध्ये कुलूपबंद फाइली उरतील. माझी मागणी साधी आहे: सरकारी पैशातून जे शिकवलं जाईल त्यातलं किमान एक इंजिन आणि एक थ्रीडीचं सॉफ्टवेअर असं असावं, जे विद्यार्थी पदवीनंतर घरी नेऊन त्यावर धंदा करू शकेल. ब्लेंडर आणि गोदो मराठीतून शिकवणारी पुस्तकं, व्हिडिओ आणि मास्तर यांवर त्या कोटींतला एक कोपरा खर्च झाला, तर तो हिंगण्यापर्यंत पोचेल.

आणि ज्या आईबापांची पोरं बारावीनंतर गेमिंगच्या कोर्सला जायचं म्हणतात त्यांना एवढंच सांगतो. फी भरायच्या आधी काउंटरवर विचारा: इथे कुठल्या सॉफ्टवेअरवर शिकवता, आणि कोर्स संपल्यावर माझ्या पोराला ते स्वतःचं घ्यायचं तर कायमचं किती, महिन्याचं किती? आकडे कागदावर लिहून मागा. लिहून दिले नाहीत तर फी न भरता घरी या.